चारशे बारा चिठ्ठ्या

तिच्या नवऱ्याला घाई झाली नसती तर ही गोष्ट घडलीच नसती. लग्नानंतर तो परत कामावर, परदेशी निघून गेला, आणि तिचा व्हिसा हातात पडला तेव्हा लग्नाला वीस महिने झाले होते. आणखी चार महिने ती माहेरी थांबली असती, तर दोन वर्षं पुरी केलेल्या बायकांच्या प्रकारात बसली असती आणि विमानातून उतरल्यावर तिला थेट दहा वर्षांचं ग्रीन कार्ड मिळालं असतं. दोन वर्षांच्या आत येणाऱ्या बायकोला मात्र दोनच वर्षांचं कार्ड मिळतं. सरकारचं म्हणणं असं की आधी बघू, टिकतात का. पण नवरा फोनवर म्हणाला, "चार महिने? मी चार दिवस थांबायचा नाही!" आणि तीही असल्या बोलण्याला भुलणाऱ्यांपैकीच. त्याच आठवड्यात तिने बॅग भरली.

आता ती दोन वर्षं संपत आली होती. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा, की आम्ही खरोखरीचे नवरा-बायको आहोत, कार्डासाठी मांडलेला खेळ नाही. सोबत पुरावे जोडायचे. पुरावे पटले तर दहा वर्षांचं कार्ड, नाही पटले तर तिची रवानगी माहेरी. घाई नवऱ्याने केली आणि धाकधूक हिच्या वाट्याला आली. हे असंच असतं.

वकीलबाई हुशार होत्या, पण कागद बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. घर सासऱ्यांच्या नावावर. वीज, पाणी, फोन, सगळं सासऱ्यांच्या नावावर, कारण सासऱ्यांचा दुसऱ्या कोणावर विश्वासच नाही. फोटो एकूण अकरा, सगळे लग्नातले, त्यातल्या चारांत नवऱ्याचे डोळे मिटलेले.

"दोन वर्षांत एकही सहल नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"सुट्टी एकत्र मिळायला हवी ना," नवरा म्हणाला.

त्याचंही खरं होतं. तो बेकरीत कामाला. पहाटे तीनला घराबाहेर पडायचा, दुपारी एकला परत यायचा आणि रात्री आठ वाजता घोरायला लागायचा. ती बस डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. दुपारी बाराला निघायची ते साडेनऊला घरी. आठवड्यातून एक रविवार सोडला तर त्यांनी एकमेकांना जागेपणी पाहिलं असेल तर शपथ.

"मग तुम्ही बोलता कधी?"

"चिठ्ठ्यांवर," ती म्हणाली. "फ्रिजच्या दारावर लावतो. मी सगळ्या ठेवल्यात."

सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या. डेपोत सापडलेल्या प्रत्येक छत्रीला, प्रत्येक पाकिटाला, प्रत्येक कवळीला (हो, लोक बसमध्ये कवळ्याही विसरतात) ती तारीख आणि क्रमांक घालायची. तोच हात घरी वळला. बुटांच्या खोक्यात चारशे बारा चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर तारीख, प्रत्येकीवर क्रमांक, वर तिचा मजकूर आणि खाली नवऱ्याचं उत्तर. नवरा यावरून तिची थट्टा करायचा. आता वकीलबाईंनी ते खोकं मांडीवर ओढून घेतलं तेव्हा तो मान पुढे काढून बघायला लागला.

"वाचून दाखवा एखादी," त्या म्हणाल्या. त्यांना ही भाषा येत नव्हती.

तिने हाताला लागली ती वाचली आणि सोपी करून सांगितली. "नळ गळतोय. तिसऱ्यांदा सांगतेय. तुझीच बायको, ओळखतोस ना?" खाली नवऱ्याचं उत्तर होतं, "नळ दुरुस्त केला. बायको ओळखली. फक्त आवाज विसरत चाललोय."

वकीलबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, याच्यापुढे फोटो काय करायचेत? पण भाषांतर लागेल. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या कोणीही करावं आणि अचूक असल्याचं लिहून खाली सही करावी. फक्त तुम्ही दोघं नको."

"मग काय, माणूस घरातच आहे की!" नवरा खुशीत म्हणाला. तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर शब्द तोंडातून निघून गेला होता.

घरातला माणूस म्हणजे सासरे. पस्तीस वर्षं शाळेत दोन्ही भाषा शिकवलेले, शिस्तीचे, लाल शाईचे. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण तपासण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. वाण्याच्या यादीतलं ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, भाजीतलं मीठ तपासायचे, आणि ती अंघोळीला गेली की विजेचा अपव्यय नको म्हणून बाहेरून गिझर बंद करायचे. तिने हे सगळं सहन केलं होतं, कारण तिच्याकडे चिठ्ठ्या होत्या. सासऱ्यांच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते ती फ्रिजवर लिहायची, आणि ते वाचायच्या आत नवरा चिठ्ठी काढून खोक्यात टाकायचा. चिठ्ठ्यांमध्ये सासऱ्यांचं नाव होतं हेडमास्तर. प्रत्यक्षात ते हेडमास्तर कधीच झाले नव्हते, उपमुख्याध्यापक म्हणूनच निवृत्त झाले होते, आणि तेवढं एक त्यांचं दुखणं होतं.

सासऱ्यांना काम सांगितलं तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिलींना टोकं काढली, टेबल खिडकीशी ओढलं.

"बाबा, वकीलबाई म्हणाल्या शंभरेक निवडक चालतील," तिने हळूच सांगून पाहिलं.

"निवडक? गाईड वाचून पास व्हायचंय का तुला? सगळ्या आण."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे फिरायला गेलेले बघून ती खोकं घेऊन बसली आणि हेडमास्तरांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या शोधून काढल्या. नऊ निघाल्या. "हेडमास्तरांनी आज माझं मीठ तपासलं. शंभरपैकी चाळीस." खाली नवऱ्याचं, "मला जन्मात पस्तीसच्या वर दिले नाहीत. तू हुशार आहेस." दुसरीत लिहिलं होतं, "तुझे बाबा मी साबण लावून उभी असताना गिझर बंद करतात. एक दिवस तशीच बाहेर येईन, मग कळेल." ही वाचताना तिचे कान तापले. बाकीच्या तिने धड वाचल्याही नाहीत. बाबा किंवा हेडमास्तर हा शब्द दिसला की चिठ्ठी बाहेर. नऊच्या नऊ पाकिटात घातल्या, डेपोत नेल्या आणि आपल्या कपाटात विसरलेल्या छत्र्यांच्या मागे ठेवून दिल्या. जीव भांड्यात पडला.

चार दिवस पडला होता, पाचव्या दिवशी सकाळी सासरे हातात कागद घेऊन स्वयंपाकघरात आले.

"क्रमांक सत्तावीस नाही. त्र्याऐंशी नाही. एकशे चार, एकशे पाच नाहीत. दोनशे सहा नाही. अशा एकूण नऊ नाहीत."

तिचं धाबं दणाणलं. चोराने स्वतःच दारात पावलं उमटवून ठेवावीत तसे तिनेच घातलेले ते क्रमांक. "हरवल्या असतील, बाबा," ती पुटपुटली.

"तू हरवलेल्या वस्तू सांभाळतेस. तुझ्या हातून हरवत नाहीत." सासऱ्यांनी दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसले. एरवी ते स्वयंपाकघरात कधी बसत नसत. आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई, त्या दिवसांत तुमचं काही बिनसलं होतं का? तो काही लागेल असं बोलला का तुला? मला सांग. मी त्याचा कान धरीन."

"नाही हो, बाबा..."

"मी कार्डासाठी विचारत नाही. स्वतःसाठी विचारतोय. तू आल्यापासून या घरात माणसांचा आवाज आहे. तू इथे नाखूश असलीस आणि मला पत्ताच नसला, तर मग मी आयुष्यभर काय तपासलं?"

तिला रडूही आलं आणि हसूही. हा माणूस इतके दिवस त्या रिकाम्या क्रमांकांकडे बघत मुलाचा संसार मोडतोय म्हणून झुरत होता! त्याला असं झुरत ठेवण्यापेक्षा बोलणी खाल्लेली परवडली. दुसऱ्या दिवशी तिने पाकीट आणलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवून, मागे न बघता, डेपोला पळाली.

त्या दिवशी सासऱ्यांच्या खोलीचं दार बंद होतं. नवऱ्याने रात्री चिठ्ठीत लिहिलं, "बाबा आतून खोकल्यासारखा आवाज काढतायत. विचारलं तर म्हणाले, काम चालू आहे." पुढचे दोन दिवस सासरे जेवताना मिठाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की अंघोळ संपेपर्यंत पाणी गरम येतंय.  म्हणजे माणूस इतका दुखावलाय की गिझरसुद्धा विसरलाय, असं तिने धरून घेतलं.

भाषांतर पुरं झालं तेव्हा सासऱ्यांनी गठ्ठा परीक्षेच्या पेपरासारखा बांधला आणि लाखेने सीलबंद केला.

"बाबा, एकदा नजर टाकू का?"

"पेपर बोर्डाकडे जायच्या आधी विद्यार्थ्याला दाखवत नाहीत," म्हणून त्यांनी तो स्वतःच वकीलबाईंकडे पोचवला. संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "भाषांतर वाचलं. कॉफी नाकातून बाहेर आली माझ्या. तसंच्या तसं पाठवतेय." पुढे काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

अर्ज पोचल्याचं पत्र आलं आणि त्या पत्रावर जुन्या कार्डाची मुदत वाढली. मुलाखतीचं बोलावणं यायला सात महिने गेले. सात महिने ती रोज गरम पाण्याने अंघोळ करत होती आणि रोज मनातल्या मनात सासऱ्यांची माफी मागत होती.

मुलाखतीला सासरेही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून दोघं आत गेली. खोली लहान, टेबलावर एक पंखा आणि त्यांचा गठ्ठा. अधिकारीबाई पन्नाशीच्या, चेहऱ्यावरची माशी न हलणाऱ्या. त्यांनी नावं विचारली, पत्ता विचारला, नवऱ्याला बायकोची कामाची वेळ विचारली. ती त्याने बरोबर सांगितली. मग त्यांनी गठ्ठा उघडला.

"यातल्या काही पानांखाली अनुवादकाने टिपा दिल्यात," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा खुलासा हवाय."

 नवरा टेबलावरच्या पंख्याकडे बघायला लागला.

"क्रमांक सत्तावीस. इथे कोणा हेडमास्तरांनी मिठाला शंभरपैकी चाळीस गुण दिलेत. टीप अशी आहे: सदर व्यक्ती हेडमास्तर नसून उपमुख्याध्यापक होती. तसेच चाळीस गुण कमी होते. फेरतपासणीनंतर साठ." अधिकारीबाईंनी पान उलटलं. "त्र्याऐंशी. हे बंद केलेल्या गिझरबद्दल आहे. टीप: आरोप खरा आहे. गिझर आता बंद केला जात नाही."

नवऱ्याच्या नाकातून विचित्र आवाज आला.  सात महिन्यांचं गरम पाणी एकदम तिच्या ध्यानात आलं. माणूस विसरला नव्हता, माणसाने लक्षात ठेवलं होतं.

"आणि ही दोनशे सहा," अधिकारीबाई म्हणाल्या. ही चिठ्ठी तिला आठवतही नव्हती. बाबा हा शब्द बघून तिने ती घाईत बाकीच्यांबरोबर काढली होती. अधिकारीबाईंनी सावकाश वाचली. "बाबा आज सकाळपासून खिडकीत बसलेत. धड खाल्लं नाही. आज आई गेल्या ती तारीख आहे का? मला कोणी सांगितलंच नाही. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. दोनदा चहा करून दिला, तेवढंच जमलं."

त्यांनी बोट खाली सरकवलं. मग खालची टीप वाचली.

"मूळ चिठ्ठीत चूक आहे. चहा तीनदा दिला होता. तिसरा ती कामावर जाताना थर्मासमध्ये ठेवून गेली. अनुवादकाने तो संध्याकाळी घेतला. तोपर्यंत गरम होता."

अधिकारीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचं तर समोरचं सगळं धूसर झालं होतं, आणि नवरा, ज्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, तो बाहीने डोळे पुसत होता.

"हा अनुवादक तुमचा कोण?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"माझे सासरे," ती म्हणाली, आणि मग तिला ते अपुरं वाटलं. "माझे बाबा. बाहेर बसलेत."

"त्यांना सांगा, काम चोख आहे." त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. "दहा वर्षं. कार्ड पोस्टाने येईल."

दोघं बाहेर आली तेव्हा सासरे बाकावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, निकालाच्या दिवशी बसतात तसे. मुलाच्या डोळ्यांकडे बघून ते झटकन उभे राहिले.

"काय झालं? भाषांतरात चूक काढली का त्यांनी?"

"नाही, बाबा," ती म्हणाली, आणि चारचौघांत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिने त्यांना गच्च मिठी मारली. सासऱ्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी एक तिच्या डोक्यावर ठेवला.

"मुदत किती दिली?"

"दहा वर्षं."

सासऱ्यांनी मान डोलावली. खिशातून लाल पेन काढलं, एक कागदाचा कपटा काढला आणि त्यावर काहीतरी टिपून घेतलं.

"मग गिझर नवीन घ्यायला हवा," ते म्हणाले. "जुना काही दहा वर्षं काढायचा नाही."