विसळलेली बाटली

आरोग्य मंडळाची बैठक ज्या खोलीत भरते, तिचं दार नीट लागत नाही. चौकट फुगलेली आहे. दार शेवटची चार बोटं उघडंच राहतं आणि आत जे ठरतं ते व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्याला आयतं ऐकू येतं. नियम मात्र कडक. ज्याचा स्वतःचा किंवा नात्यागोत्यातल्याचा विषय निघेल, त्यानं उठून बाहेर जायचं, मग तो सभासद असो की अध्यक्षांचा जावई. त्यामुळे आठ गावांच्या या मंडळात एक गंमत होऊन बसली होती. ज्याला बाहेर काढलं, तोच सगळ्यात कान देऊन ऐकायचा.

त्या गुरुवारी बाकावर तिघं बसली होती. एक बेकरीवाला. तो मंडळाचा सभासद, पण आत त्याच्याच भट्टीमागच्या उंदरांचा विषय चालला होता. दुसरी आत्या, कारण पुढचा विषय तिच्या विहिरीचा होता. आणि तिसरी मंडळाची तपासनीस, कारण ती आत्याची भाची होती.

भाचीला आठही गावं ‘बाटलीताई’ म्हणत. अकरा वर्षं ती खांद्याला बाटल्यांची पिशवी आणि हातात बर्फाची पेटी घेऊन गावोगाव फिरत होती. शाळेच्या टाकीचं पाणी, हॉटेलच्या नळाचं पाणी, कुणाच्या परसातल्या विहिरीचं पाणी. बाटली भरायची, बर्फात ठेवायची, दुपारच्या आत शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायची. लोक तिला पाहून आधी हसत आणि मग आपल्या नळाकडे चोरून बघत.

आत्याची विहीर तिठ्यावर होती. तीन गावांच्या वाटा तिथे गळ्यात गळा घालून भेटत, आणि भेटीच्या जागी ती विहीर, तिच्याशेजारी धुण्याचा दगड आणि एक लांब बाक. येणारा जाणारा तिथे टेकायचा. आत्या पाणी द्यायची आणि पाण्याबरोबर चार गावांच्या बातम्याही. तिला मूलबाळ नव्हतं. ती म्हणायची, मला सांभाळायला ही विहीर आहे, पोराबाळांपेक्षा बरी, उलटून बोलत नाही. पोहरा ओढता ओढता ती स्वतःशीच गुणगुणायची:

तिठ्यावरची माझी विहीर, तिला पायरी दगडाची,
पाणी पिऊन जा रे वाटसरा, वाट लांब तुझ्या घराची.

स्वच्छतेचं तिला वेड होतं. धुतलेलं भांडं पुन्हा धुवायची. पाहुण्यानं हातात घेतलेला पेला त्याच्या हातातून काढून, परत विसळून, परत त्याच्याच हातात द्यायची. गावात म्हणत, आत्याच्या घरातली धूळसुद्धा अंघोळ करून बसते.

आणि नेमक्या हिच्याच विहिरीला मंडळानं कुलूप लावलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी ओढा फुगला, विहिरीच्या कठड्यावरून गढूळ पाणी आत गेलं. आठवड्याभरात तीन मुलांची पोटं बिघडली. त्यातली एक पोस्टमनची दहा महिन्यांची मुलगी. विहिरीवर लाल पाटी लावायला भाचीच गेली होती.  पाटी तिरकी लागलीय, सरळ कर, एवढंच आत्या म्हणाली.

मग उपसा झाला, जंतू मारायचं औषध टाकून झालं. विहीर बंद, त्यामुळे बाकही ओस. आत्या रोज सकाळी बाक पुसायची आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर एकटीच बसायची. भाची कामावरून येता जाता तिथे थांबायची, पण एका भाचीनं बाक भरत नाही.

गेल्या आठवड्यात विहिरीत दुसऱ्यांदा औषध पडलं आणि सोमवारी नमुना गेला. काल निकाल आला होता. पाणी स्वच्छ. कागद मंडळाकडे पोचला होता, आज फक्त शिक्कामोर्तब व्हायचं होतं. आत्या नव्या लुगड्याची घडी मोडून आली होती. पिशवीत कुलपाची किल्ली ठेवायला एक नवा रुमालही आणला होता.

आत मास्तरांचा आवाज चालू होता. ते मंडळाचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजूनही अर्ज तपासताना हातात लाल पेन. “भट्टीमागे दोन बिळं. मागच्या वेळी एक. ही प्रगती म्हणायची का?”

“दोनच मोजली म्हणून बरं,” बेकरीवाला बाकावर पुटपुटला.

आत्यानं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “भट्टीमागे चुना मार. आणि रोज पाण्यानं धू. मी बघ कशी, धुतल्याशिवाय एक वस्तू पुढे जाऊ देत नाही.” मग भाचीच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, “तुझ्या त्या बाटलीचंच घे. बाहेरून चकचकीत, आणि तळाला हे एवढं पांढरं चिकटलेलं. काय तुमचं खातं. मी दोनदा विसळली, तेव्हा कुठे भरली. म्हणून पास झालो.”

भाचीला आधी काही कळलंच नाही. मग तिनं गुडघ्यावरचा आत्याचा हात धरला.

सोमवारी काय झालं ते तिला लख्ख आठवलं. पिशवीत एकच बाटली उरली होती. ती दगडावर ठेवून भाची गाडीतून बर्फाची पेटी आणायला गेली. परत आली तर आत्या भरलेली बाटली पुढे करून उभी. म्हणाली, तुझी कंबर वाचवली. दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर असती तर भाचीनं ते पाणी तिथेच ओतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी नवी बाटली घेऊन आली असती. पण ती आत्या होती. भाचीनं बाटली पेटीत ठेवली आणि कागदावर लिहिलं, नमुना स्वतः घेतला. खाली सही केली.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “ते पांढरं म्हणजे मळ नव्हता.”

“मग काय साखर होती?”

“औषधच होतं. मुद्दाम घातलेलं. बघ, विहिरीत आपण जंतू मारायची पूड टाकली ना? तिचा अंश पाण्यात उरतो. तो बाटलीतही जंतू मारत राहतो. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सगळं मेलेलं, मग त्यांना वाटतं पाणी मुळातच चांगलं. तसं होऊ नये म्हणून बाटलीच्या तळाला ते पांढरं असतं. ते पाण्यातल्या औषधाला गप्प बसवतं. म्हणजे विहिरीत जे आहे तेच तिथे पोचतं.”

आत्यानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. स्वच्छ हात, घासून घासून बोटांची टोकं सुरकुतलेली.

“म्हणजे पास झालं ते पाणी नाही,” ती म्हणाली. “माझं विसळणं.”

बेकरीवाल्यानं दाराच्या फटीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ताई, ऐक माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाणी चांगलंच असणार. दोन महिने बंद आहे, कोण काय टाकायला गेलंय? आता मागे घेतलं तर सही तुझी, नाचक्की तुझी. आणि म्हातारीनं अजून किती दिवस रिकाम्या बाकाशी गप्पा मारायच्या?”

 त्यातलं एकही वाक्य भाचीला खोटं म्हणता येत नव्हतं, म्हणूनच ते जड होतं. आत्याच्या पिशवीतून नव्या रुमालाचं टोक बाहेर आलेलं तिला दिसत होतं.

तेवढ्यात आतून हाक आली. बेकरीवाला उठून आत गेला, आणि मास्तरांनी पुढचा कागद उचलला. मंगळवारी त्याच खोलीत लसीकरण चालायचं, म्हणून टेबलावर बाळांचा वजनकाटा कायमचा ठाण मांडून होता आणि बैठकीचे कागद त्याच्याच पाळण्यात ठेवलेले असत. पोस्टमनच्या मुलीचं दर मंगळवारी वजन व्हायचं ते त्यातच. आजारपणात उतरलेलं पाव किलो अजून पुरतं भरून आलं नव्हतं.

“तिठ्यावरची विहीर,” मास्तर वाचू लागले. “नमुना तपासनिसांनी स्वतः घेतला. निकाल स्वच्छ. कुणाची हरकत?”

बाकावर भाची आणि आत्या, दोघीच. भाचीनं आत्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस,” आत्या म्हणाली. “ती पोस्टमनची पोर माझ्याच बाकावर पहिल्यांदा उभी राहिली होती, धरून धरून. ऊठ.”

भाची उठली. दार ढकलून उंबऱ्यावर उभी राहिली.

“तुम्हाला नियम माहीत आहे,” मास्तर चष्म्यावरून म्हणाले.

“माहीत आहे, मास्तर, म्हणून आत आले नाही. त्या कागदावर माझी सही आहे, ती परत घ्यायला आलेय. नमुना मी घेतला नव्हता. आणि बाटली विसळली गेली होती.”

 डॉक्टरीणबाई मंडळात होत्या, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

“कोणी विसळली?” त्यांनी विचारलं.

“मी विसळली,” भाचीच्या खांद्याआडून आत्याचा आवाज आला. “तिला काही बोलू नका. ती बर्फ आणायला गेली होती. तिला ठाऊकच नव्हतं.”

“भरलेली बाटली मी घेतली,” भाची म्हणाली. “ती चूक माझी.”

“एकेकीनं बोला,” मास्तर म्हणाले. “खरं तर दोघींनीही बोलायचं नाही. तुम्ही बाहेर आहात.”

मग त्यांनी लाल पेन उचललं. शाळेत चुकलेल्या गणितावर मारायचे तशी एक तिरकी रेघ कागदावर ओढली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, पुन्हा. पुढे स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात काय आहे तेच कळेना. नवा नमुना डॉक्टरीणबाईंच्या कंपाउंडरनं घ्यावा. नातेवाईक दूर राहतील. दोन्ही नातेवाईक. आणि सहीबद्दल तपासनिसांना एक समज, नोंदवून.”

“आणखी एक,” बेकरीवाला खाकरला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. “भट्टीमागे तिसरं बीळ आहे. पोत्यांच्या आड. तेही लिहून घ्या.”

आणि मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

व्हरांड्यात आत्यानं रुमालाचं टोक परत पिशवीत सारलं.  परत जाताना गाडीतून तिठा दिसला तशी आत्या म्हणाली, “तुझा बापही असाच. लहानपणी बरणी फोडली की आईनं विचारायच्या आधी कबूल. मार मात्र मला बसायचा.” आणि तोंडाला पदर लावून हसली.

कंपाउंडर सोमवारी आला. तो बाटली भरेपर्यंत आत्या हात पाठीमागे बांधून बाकापाशी उभी होती, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. बाटलीच्या तळाचं पांढरं दिसलं तेव्हा तिच्या बोटांना चाळा सुटला, पण तिनं एका हातानं दुसरा धरून ठेवला.

निकाल वाईट आला.

फार वाईट नव्हे, पण पाणी पिण्याजोगं नव्हे. मग कारण शोधणं आलं. डॉक्टरीणबाईंनी निळीचं पाणी मागवलं आणि विहिरीभोवती जागोजागी ओतलं. ओढ्याकडच्या बाजूनं ओतलं, काही नाही. कठड्यापाशी ओतलं, काही नाही. धुण्याच्या दगडावर ओतलं आणि सगळे विहिरीत वाकून बघू लागले. थोड्या वेळानं आतल्या भिंतीवर, दोन दगडांच्या सांध्यातून, निळा थेंब आला. मग दुसरा. पुरानं सांधा मोकळा केला होता, आणि तेव्हापासून आत्या ओढ्याचं पाणी आणून दगडावर जे जे धूत होती ते सगळं विहीर मुकाट पीत होती.

आत्या कठड्याला धरून त्या निळ्या थेंबांकडे बघत राहिली. कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “घ्या. सगळी घाण धुऊन धुऊन मी हिच्या पोटात घातली.”

“तू नाही गं,” भाची म्हणाली. “फटीनं.”

“फट बुजव मग. बोलत काय बसलीस?”

गवंड्यानं सांधा बुजवला, भोवती उतार दिला, आणि धुण्याचा दगड उचलून ओढ्याच्या अंगाला बारा पावलांवर नेऊन बसवला. आत्या रोज ती बारा पावलं मोजायची आणि गवंड्याला ऐकू जाईल अशी कुरकुरायची. पण तिसऱ्या दिवसापासून कुरकुरीला चाल लागली:

धुण्याच्या माझ्या दगडा, बारा पावलं तुझं घर,
भांडण नाही आपलं, पण पाण्याची राख कदर.

पुन्हा उपसा, पुन्हा औषध. त्याचा वास पूर्ण गेल्यावर पुन्हा कंपाउंडर आणि पुन्हा पाठीमागे बांधलेले हात. पुढल्या गुरुवारी दोघी परत त्याच बाकावर बसल्या आणि चार बोटांच्या फटीतून मास्तरांचा आवाज आला. “निकाल स्वच्छ. हरकत? नाही. किल्ली द्या.” पुढे त्यांनी असंही लिहून घेतलं की यापुढे प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी असावी: आतली पांढरी पूड औषध आहे, बाटली विसळू नये. आत्यानं ते ऐकून मान हलवली. “माझं नाव घातलं नाही, ते बरं केलं.”

लाल पाटी भाचीनंच काढली. दुपारी तिठ्यावर ऊन होतं. बाकावर पोस्टमन टेकला होता, सायकल विहिरीला लावून. त्याच्या मांडीवर मुलगी, गालांनी परत गोल झालेली. बेकरीवाला पावाची परात घेऊन आला होता. तीन बिळं बुजवल्याचं त्यानं न विचारताच दोनदा सांगितलं.

आत्यानं पोहरा सोडला. दोर सरसरत गेला, खाली पाण्याला भेटल्याचा आवाज आला, आणि तिनं डोळे मिटले. मग ओढून काढलं, पेला भरला आणि आधी भाचीपुढे धरला.

भाचीनं पेल्यात बघितलं. बाहेरून ओला होता.

“विसळलास का?”

“दोनदा,” आत्या म्हणाली. “का? पेल्यालाही तुमचं औषध लागतं?”

भाचीनं घटाघटा पाणी संपवलं आणि पेला पुढे केला. आत्यानं तो घेतला, बारा पावलं चालत दगडाशी गेली आणि पोस्टमनसाठी विसळायला बसली.