पाऊण तार

अंड्यांचा एकोणिसावा दिवस होता आणि उबवणीच्या पेटीतला पारा चौतिसावर येऊन चिकटला होता. हवा होता साडेसदतीस अंशांवर. सकाळी जुनी तापणारी तार जळाली, सुनेनं धावतपळत नवी आणून बसवली, तरी तासाभरात पारा एक रेघ हलेना. आत दोनशे चाळीस अंडी. कालच तिनं एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं होतं आणि बहुतेकांत जीव वळवळत होता.

"ही खेप गेली की पेटी भंगारात," सासरेबुवांनी जाहीर करून टाकलं. तीस वर्षं त्यांनी ही पेटी नुसत्या अंदाजावर चालवली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सुनेच्या हाती दिली, पण लक्ष तसूभरही हटवलं नव्हतं. "रोजची ही कटकट नको मला."

"पेटी कुठेही जात नाही," सून म्हणाली. ही पेटी म्हणजे या घरात तिच्या हक्काचं असलेलं एकमेव काम होतं आणि ते ती असं सहजासहजी सोडणार नव्हती.

"अगं, खोक्यावर चारशे ऐंशी वॅट छापलंय! मग ऊब गेली कुठे?"

बुवांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. तंत्रशाळेतली दोन वर्षं लग्नापायी अर्धी राहिली होती, तिथला मीटर तेवढा तिच्याबरोबर या घरात आला होता. तिनं तो काढला. आधी व्होल्ट पाहिले. खोक्यावर छापलेले दोनशे चाळीस, येत होते एकशे ऐंशी. शेजारच्या कारखान्यातली यंत्रं सुरू झाली की गल्लीतले सगळे दिवे मान टाकायचे, त्यात नवल ते काय! मग मीटरचा चिमटा वायरभोवती धरला. दीड अँपिअर.

पेन्सिल घेऊन ती जमिनीवरच बसली. एकशे ऐंशीला दीडनं भागलं, तारेचा रोध निघाला एकशे वीस ओहम. तेच दोन आकडे एकमेकांनी गुणले, वॅट निघाले दोनशे सत्तर.

"हे बघा! चारशे ऐंशी वॅट पूर्ण व्होल्टेजला. आपल्याकडे मिळतात दोनशे सत्तर."

मग तिनं वहीत मागे जाऊन जुन्या तारेची नोंद शोधली. तेव्हाही व्होल्ट एकशे ऐंशी, पण अँपिअर दोन. म्हणजे रोध नव्वद, वॅट तीनशे साठ. पेटीला लागत होते ते हे तीनशे साठ.

"मग आणखी तार जोड की!" सासरेबुवा म्हणाले. "जास्त तार, जास्त ऊब."

"उलटं आहे, बाबा. तार लांबली की वीज कमी वाहते. आपल्याला एकशे विसाचे नव्वद करायचेत. चौथा हिस्सा कापायचा."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? गार पडलेल्या पेटीतली तार कापतेस? दुसरी तार नाही घरात!"

तिनं प्लग उपटला, तार मोजली, पाऊण भागावर खूण केली आणि पक्कड उचलली. म्हाताऱ्याला राहवेना. त्यानं तिचं मनगटच धरलं.

"कापशील गं. पण संध्याकाळी कारखाना बंद झाला आणि व्होल्टेज चढलं, तर?"

ती थांबली. दोनशे चाळीस भागिले नव्वद. पावणेतीन अँपिअरच्या आसपास, वॅट सहाशे चाळीस! एवढीशी तार इतकं कशी सोसणार? जुनी अशीच तर मेली होती, आणि आपण तिचीच बहीण बसवायला निघालो होतो.

"बाबा," ती म्हणाली, "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

पक्कड खाली ठेवली. तार अखंडच राहू दिली. खुणेवर तिनं दुसरी वायर घट्ट आवळली आणि बाहेर बटण बसवलं, एका बाजूला पाऊण तार, दुसऱ्या बाजूला पूर्ण. बटण पाऊण तारेवर ठेवून प्लग लावला. चिमटा म्हणाला, दोन. दुपारपर्यंत पारा साडेसदतिसाला टेकला तेव्हा कुठे ती घोटभर पाणी प्यायली.

संध्याकाळी ती न्हाणीत असताना बाहेरून आरोळी आली.

"सूनबाई! व्होल्ट दोनशे चाळीस झाले!"

ती ओल्या केसांनी धावली. बुवा पेटीपाशी उकिडवे बसले होते, गुडघ्यांची शुद्ध नव्हती. एका हातात मीटर, दुसरा हात बटणावर.

"पूर्ण तारेवर टाकलं मी. अँपिअर किती यायला हवेत?"

तिनं मनात भागाकार केला. "दोन."

"दोनच आहेत!" ते असे ओरडले की शेजारचा खिडकीत आला. "पण मग ऊब?"

"वॅट होतील चारशे ऐंशी, खोक्यावर छापलेत तेवढेच. ऊब जास्त झाली की पेटीतला थर्मोस्टॅट आपोआप वीज तोडेल. तार जळणार नाही."

एकविसाव्या दिवशी पहिलं कवच तडकलं. एकशे सत्त्याण्णव पिल्लं निघाली. उरलेली त्रेचाळीस अंडी तिनं एकेक करून पुन्हा दिव्यासमोर धरली, टोपलीत ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. त्या गारठलेल्या सकाळी काही गेली असतील, कोण जाणे. सासरेबुवांनी ती टोपली तिच्या पुढ्यातून उचलली आणि तिथे ताज्या अंड्यांची टोपली आणून ठेवली.

"रडून झालं असलं तर भर पेटी," ते म्हणाले. "आणि तो भागाकार मला नीट शिकव. मी बटणापाशी बसतो."