दाखवायची खोली

या, जवळ सरका. मागच्यांनाही ऐकू जायला हवं. गोष्ट काही राजाराणीची नाही. एक मुलगी होती आणि तिचं काम होतं उलटं चालणं. देवानं तिला खणखणीत गळा दिला होता. त्याच गळ्यापायी एकदा तिला अशी ठेच लागली, की पुढे कित्येक दिवस तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. ती गोष्ट सांगते.

“पायरी आहे, सांभाळा,” असं म्हणत ती मागे न बघताच पायरी चढली. समोर पालकांचा आणि मुलांचा घोळका होता. घोळक्याकडे तोंड, वाटेकडे पाठ, अशी ती चालत होती.

“अगं, पडशील ना,” एक गृहस्थ म्हणाले.

“काका, पडले तर बरंच. कॉलेजचा दवाखानाही दाखवून होईल.”

घोळका हसला. पहिला हशा पिकला की पुढची वाट सोपी जाते, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

त्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत मेळावे भरत. गावोगावचे पालक मुलांना घेऊन यायचे. त्यांना वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह फिरवून दाखवायचं काम तिथल्याच काही विद्यार्थ्यांकडे असे. नारिंगी टी-शर्ट, पाठीवर ‘विद्यार्थी दूत’. दूतानं पालकांकडे पाठ करायची नाही, असा नियम होता, म्हणून सगळे दूत उलटे चालायचे. बाकीचे अडखळायचे, खांबाला धडकायचे. हिला मात्र त्या आवाराचा खड्डा न् खड्डा टाचांना पाठ होता. या कामाच्या बदल्यात तिला वसतिगृहात राहायला मिळे. अभ्यासात ती मधली. वर्गात कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नाही. पण टी-शर्ट चढवला की ती वेगळीच व्हायची. मैत्रिणी तिला पिपाणी म्हणत.

आवाज तिला आजोबांकडून आला होता. आजोबा देवाच्या कथा गाऊन सांगायचे. मी त्यांना ऐकलंय, म्हणून सांगते. पहिला सूर लागला की पेंगणारी माणसं ताठ बसत. ते म्हणायचे, “शेवटच्या माणसाला ऐकू गेलं, की देवाला पोचलं.” पिपाणीनं त्यातलं एवढंच उचललं होतं, की मोठ्यानं बोलायचं.

फेरीचा शेवट वसतिगृहातल्या एका खोलीत व्हायचा. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती ती. एरवी कुलूप, मेळाव्याच्या दिवशी तेवढी उघडी. निळी चादर घट्ट ताणलेला पलंग, टेबलावर दिवा, खिडकीत कुंडी, पलंगाखाली जोडीनं ठेवलेल्या सपाता. वसतिगृहाच्या मावशी सकाळी ते सगळं मांडून ठेवत. मुलींच्या खऱ्या खोल्या कशा असतात हे पालकांनी बघू नये, म्हणून ही दाखवायची खोली, असं पिपाणीला सांगितलं होतं. कोणी विचारलंच तर ‘आमच्या एका मैत्रिणीची खोली’ म्हणायचं.

पण पिपाणीचं समाधान एवढ्यावर कसं व्हावं? एका फेरीत तिनं सांगून टाकलं, की या मैत्रिणीला किल्ल्या हरवायची हौस आहे. लोक हसले. पुढच्या फेरीत ती मैत्रीण न्हाणीघरात गाऊ लागली. मग तिच्यामुळे सगळा मजला लवकर उठू लागला. असं करत करत त्या खोलीत एक अख्खी मुलगी राहायला आली. आया तिच्या प्रेमातच पडायच्या. खोलीतून निघताना हातात हात घेऊन म्हणायच्या, “अशी मैत्रीण मिळाली तर आमची मुलगी राहील हो.”

त्या दिवशी घोळक्यात सगळ्यात मागे एक बाई होत्या. करड्या रंगाचा स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. बरोबर मूल नव्हतं.

“मुलगी कुठे राहिली, काकू?” पिपाणीनं जिन्यातच विचारलं होतं.

“तू चल, बाळा. मी आहे मागे.”

खोलीत पिपाणीनं किल्ल्यांचं सांगितलं, गाण्याचं सांगितलं. लोक खिदळले. आणि मागून त्या बाईंनी विचारलं, “घरी फोन करते का ती?”

“रोज, काकू. तिची आईच कंटाळते कधीकधी.”

“नाही गं. आई कशी कंटाळेल? आणि जेवणाचं? वेळेवर जेवते का?”

“ती कसली जेवते वेळेवर! आम्हीच तिचं ताट झाकून ठेवतो.”

“बरं करता,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीची चौकट बोटांनी चाचपली. “ही नीट लागत नसे. थंडी यायची.”

“आता लागते,” पिपाणी पटकन म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या मनात आलं, यांना कसं माहीत?

लोक बाहेर पडू लागले. बाई शेवटी निघाल्या. दारात थांबून, शेजारणीकडे निरोप ठेवावा तशा सहज आवाजात म्हणाल्या, “आली की सांग तिला, आई येऊन गेली.”

आणि जिना उतरून गेल्या.

पिपाणीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. काढून ठेवायचं तिला सुचलंच नाही. मावशी कुलूप लावायला आल्या, तेव्हा ती पलंगाजवळ उभी होती.

“मावशी, त्या करड्या स्वेटरच्या बाई कोण होत्या?”

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. “कोण म्हणजे? जिच्या खोलीत तू मेळावा आला की खेळ मांडतेस, तिची आई.”

“कोणाच्या खोलीत?”

किल्ल्यांचा जुडगा मावशींच्या हातात तसाच राहिला. “तुला माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

मावशी पलंगावर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या. “तू यायच्या आधीच्या वर्षी. सुट्टी लागली होती, मजला रिकामा झालेला. आम्हांला वाटलं, ही पण घरी गेली. घरी वाटलं, अभ्यासाला थांबली. फोन लागेना, तर आईला वाटलं, पोरगी अभ्यासात असेल, कशाला त्रास द्या. ही इथं तापानं पडलेली. सुट्टी संपल्यावर दार मीच उघडलं.” त्या थांबल्या. “नंतर ही खोली कोणी घेईना. मग रंग दिला आणि दाखवायला ठेवली.”

पिपाणी त्यांच्यासमोर खाली बसली.

“मावशी, मला का नाही सांगितलं कोणी?”

“मला वाटलं, तुला ठाऊक आहे,” मावशी म्हणाल्या. “मी बाहेर झाडत असायची. तू आत हसवायचीस लोकांना. मी म्हणायचे, काय काळीज आहे या पोरीचं. दगड परवडला.”

ताट झाकून ठेवतो. रोज फोन करते. आई कंटाळते. स्वतःचीच वाक्यं तिच्या कानांत एकेक करून परत येऊ लागली, तीही तशीच मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी ती प्रवेश कचेरीतल्या मॅडमकडे गेली आणि त्या बाईंचं सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं, तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“त्या परत आल्या होत्या का? फाटकावर सांगून ठेवलं होतं मी. मेळाव्याच्या गर्दीत कळत नाही कोण आत शिरलं ते. एरवी आपण सोडत नाही ना कोणाला वर.”

“पण मॅडम, मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू हसून बोलली असतीस?” मॅडम म्हणाल्या. “हे बघ, त्यांचं दुःख मला कळतं. पण दोनशे घरं इथं मुली ठेवायच्या की नाही ते ठरवायला येतात. पुढच्या वेळी त्या दिसल्या तर खालीच थांबव. चहा दे, गोड बोल. वर आणायचं नाही. आणि तू छान बोलतेस, तसंच चालू ठेव. जमेल ना?”

पिपाणी ‘हो’ म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिचं अंथरूण-पांघरूण त्याच इमारतीत होतं.

त्यानंतर ती उलटं चालायला गेली की पाय अडकायचे. एकदा सपाट जमिनीवर पडली. मैत्रिणी चिडवायच्या, “पिपाणीत कचरा अडकला.” ती हसायची नाही. आजोबा असते तर त्यांना विचारलं असतं, की आजोबा, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं हो, आता काय करू? पण आजोबा केव्हाच देवाघरी गेले होते.

पुढचा मेळावा आला. घोळका जमला. पिपाणीनं नजर टाकली. मागे करडा स्वेटर होता.

खाली जिन्याशी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी बाईंना पाहिलं, मग पिपाणीकडे पाहून चहाच्या टेबलाकडे मान हलवली.

पिपाणी बाईंपाशी गेली. “काकू...”

“चहा घ्या म्हणणार असशील,” बाई हळूच म्हणाल्या. “मागे एकानं पाजला होता. चांगला होता. पण मी चहाला नाही गं येत.”

पिपाणीनं मॅडमकडे पाहिलं नाही. “चला काकू. वर जाऊ.”

खोलीत सगळे दाटीनं उभे राहिले. एका मुलीनं विचारलं, “ताई, ही कोणाची खोली?”

“मला माहीत नाही,” पिपाणी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की पुढचेही वाकले. “मी आजवर सगळ्यांना सांगत आले, की इथं एक मुलगी राहते, गाते, किल्ल्या हरवते. ती मी मनानं रचली. इथं खरंच एक मुलगी होती. ती याच खोलीत गेली, सुट्टीत, एकटी असताना. तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही.”

एका आईनं आपल्या मुलीचा दंड घट्ट धरला.

मागून वाट काढत बाई पुढे आल्या. पलंगाशी वाकल्या, उशी उचलली आणि पायथ्याच्या बाजूला, खिडकीकडे ठेवली.

“ती इकडे डोकं करायची,” त्या म्हणाल्या. “किती सांगितलं, वारा लागतो. ऐकेल तर शपथ.” मग पिपाणीकडे वळल्या. “आणि गायची नाही हो ती. तिचा आवाज म्हणजे दाराची बिजागरी. एकदा शाळेत प्रार्थनेला उभं केलं, तर बाईंनीच हात जोडले, म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव.”

एक गृहस्थ फसकन हसले आणि दचकून तोंडावर हात धरला.

“हसा हो,” बाई म्हणाल्या. “हसा. घरी तिचं नाव निघालं की सगळे आवाज खाली करतात. इथं ही पोरगी मोठ्यानं बोलत होती, आणि माझ्या लेकीच्या खोलीत लोक हसत होते. मला ठाऊक होतं ती खोटं सांगतेय. तरी ते हसू ऐकायलाच परत आले.”

खाली जाताना तिनं पहिल्यांदाच घोळक्याकडे पाठ केली आणि बाईंच्या शेजारून सरळ चालू लागली. डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं. ज्या जिन्याची पायरी न् पायरी तिच्या टाचांना पाठ होती, त्याच जिन्यावर तिचं पाऊल अधांतरी राहिलं. बाईंनी तिचं कोपर धरलं.

“पायरी आहे,” त्या म्हणाल्या. “सांभाळ.”

नारिंगी टी-शर्ट तिला त्याच संध्याकाळी परत करावा लागला, आणि महिनाअखेर वसतिगृहही सोडावं लागलं. खोली अजून आहे, अजून दाखवतात. मावशी सकाळी चादर ताणतात, सपाता जोडीनं मांडतात. फक्त उशी आता खिडकीकडे असते. मॅडमनी एकदा विचारलं, ही उलटी का? मावशी म्हणाल्या, अशीच असते.

तुम्हीही कधी लेकीसाठी अशी खोली बघायला जाल. पलंग नीटनेटका असेल, दाखवणारी पोरगी गोड बोलत असेल. तेव्हा खिडकी नीट लागते का, एवढं बघा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा, बिजागरीसारखा आवाज असलेल्या त्या लेकराची आठवण ठेवा.