कोरडा बसवलेला सेन्सर

माझे सासरे मला चौदा वर्षं 'जावईबापू' म्हणतात आणि त्याच तोंडानं 'जरा खड्ड्यात उतरता का' असंही म्हणतात. मान मोठा, जागा खड्ड्यात. गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा असलेलं गॅरेज त्यांचं, वरच्या दोन खोल्या त्यांच्या, आणि मी घरजावई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा सगळा मामला.

त्या दिवशी मात्र खड्ड्यावर माझीच गाडी उभी होती. दुसऱ्या गावच्या बस डेपोत मला नोकरी लागली होती. वाटेत बंद पडलेल्या बसपर्यंत स्वतःच्या गाडीनं पोचायचं काम, म्हणून उद्या सकाळी हजर होताना गाडीच्या धुराचा दाखला दाखवायचा होता. सकाळी तपासणी केंद्रानं गाडी नापास केली. धुरात ऑक्सिजन किती आहे ते इंजिनाला कळवणारा सेन्सर मेला होता. "पाचच्या आत बदलून आणा," म्हणाले. दाखला नाही तर नोकरी नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी दुसरी कोण देतंय?

सेन्सर बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. तीन वाजून गेले तरी जुना जागचा हलला नव्हता. वायर कापून पाना चढवला, गंज सोडवायचं तेल तीनदा मारलं, पान्याला लोखंडी नळी जोडून तिला अक्षरशः लोंबकळलो. डोळ्यांत गंज पडला, कोपर फुटलं. चारी बाजूंनी भिंत आणि डोक्यावर गाडी. श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही असं वाटायला लागलं.

"सुटला का, जावईबापू?" वरून मामांनी विचारलं.

"मामा, हा बसवला कुणी होता?" माहीत असून मी विचारलं.

"मीच की. दोन वर्षं झाली. चांगला पुसूनबिसून बसवलाय."

पुसूनबिसून! नव्या सेन्सरच्या आट्यांवर करडी पेस्ट लावलेलीच येते, तापून तो पाइपाला चिकटू नये म्हणून. मामांना मळ खपत नाही. ते ती पेस्ट पेट्रोलच्या फडक्यानं पुसून काढतात, आटे चकचकीत करतात आणि मगच आवळतात. हे मी चौदा वर्षं बघत होतो. सासऱ्याला शहाणपण कोण शिकवणार, म्हणून तोंडातून ब्र काढला नव्हता.

"तुमच्या त्या पुसण्यानं माझी नोकरी चालली!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मामा एकेक पाय आडवा टाकत पायऱ्या उतरायला लागले. गुडघ्यांमुळं गेल्या दीड वर्षात ते खड्ड्यात आले नव्हते.

"गार लोखंडाशी कसली कुस्ती खेळता? जा, इंजिन चालू करा."

दहा मिनिटं इंजिन चाललं. पाइप चांगला तापल्यावर ते बंद केलं आणि मी पाना पुन्हा चढवला.

"आता आवळा," मामा म्हणाले.

"आवळू?"

"केसभर. मग सोडा. परत आवळा. एकाच दिशेनं ओढाल तर मोडेल."

सुंभ जळला तरी पीळ जाईना, अशातली गत. तरी आवळ, सोड, तेल मार, असं करता करता एकदाची करकर झाली. सव्वाचारला सेन्सर काळी पूड सांडत माझ्या हातात आला.

पाइपातले आटे साफ करून मी वळलो, तर मामांच्या एका हातात नवा सेन्सर आणि दुसऱ्यात फडकं. मी त्यांचं मनगट धरलं.

"मामा, तो मळ नाही. तो असतो म्हणून पुढच्या वेळी सुटतं."

त्यांनी सेन्सर डोळ्यांजवळ नेला. मग फडकं खांद्यावर टाकलं.

"चौदा वर्षं शेजारी उभे राहून बघत होतात. बोलला का नाहीत?"

"भीती वाटायची," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. लाजही वाटली.

नवा सेन्सर बसवला, वर येऊन गाडी मागं घेतली. चार पस्तीस झाले होते. समोर बघितलं तर मामांचं नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते. ते फडक्यानं पायरी पुसत होते. पायरीला काही झालं नव्हतं. त्यांना वर चढता येत नव्हतं, आणि मला हाक मारणं त्यांना नको होतं.

मी गाडीतून उतरलो, हात दिला. तिसऱ्या हिसक्याला ते वर आले. धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले. केंद्र पंधरा मिनिटांवर होतं.

"मामा, हात सोडा. उशीर होतोय."

"मी कधीच सोडलाय, जावईबापू," ते म्हणाले. "धरलाय तुम्ही."

खाली बघितलं. त्यांची बोटं उघडीच होती. मी माझी उघडली आणि गाडीत जाऊन बसलो.