दोन्ही हात एकदम

"काका, डावा कमरेवर! एकटा उजवा पुढं!"

नागसेनने मान हलवली, दम भरला आणि मूठ मारली. दोन्ही मुठी पुढे गेल्या. एकाच वेळी, एकाच उंचीवर, जणू समोर कुणी ताट धरलं होतं आणि ते त्याला घ्यायचं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

मोशीच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात मोठ्या माणसांचा हा कुंग फूचा वर्ग भरायचा. शिकवणारे कुलदीप सर विशी-पंचविशीतले. दिवसभर कुरिअरची पार्सलं वाटून संध्याकाळी इथं उभे राहायचे. पहिल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "पाय गुडघ्याच्या वर न्यायचा हट्ट नको. शेजारच्याकडं बघू नका. धाप लागली तर थांबा, लाजू नका. आणि जुनं दुखणं असेल तर आधी सांगा."

नागसेनने गुडघा सांगितला, कंबर सांगितली. खरं दुखणं सांगितलं नाही.

ते घडलं होतं थंडीत. भाचीच्या बारशाहून तो आणि मिनल बसस्टॉपवरून चालत घरी येत होते. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने मिनलच्या गळ्यातली पोत ओढून घेतली. नागसेनचे दोन्ही हात पुढे गेले आणि तिथेच थिजले. गाडी गेली, तरी तो हात पुढे करून उभा होता. त्यानंतर दिवेलागणीला मिनल त्याच्याबरोबर कधी बाहेर पडली नाही. भाजी दुपारीच आणायची. लग्नकार्याला रिक्षाने, नाहीतर नाहीच. एक शब्द बोलली नाही ती, आणि त्या न बोलण्यात आपण भित्रे ठरलो आहोत असं त्याने धरून टाकलं.

"काका, काम काय करता तुम्ही?" वर्ग सुटल्यावर सरांनी विचारलं.

"प्रेसवर आहे, सर. चाकणला. पत्रा ठेवायचा, दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबायची. एक हात जरी मागं राहिला तरी मशिन चालत नाही. हात आत सापडू नये म्हणून."

"किती वर्षं?"

"वीसेक होतील."

सरांनी त्याच्या हातांकडे बघितलं. "मग घाई नको. घरी डावा हात कमरेला बांधा आणि उजव्याची सवय करा. रोज थोडी."

बांधणार कोण? स्वतःचा हात स्वतःला बांधता येईना. शेवटी जुन्या साडीची पट्टी घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. मिनल सकाळी मेसवर पोळ्या लाटून यायची आणि संध्याकाळी घरच्या भाकरीला बसायची.

"हे काय आता?" ती म्हणाली.

"बांध. सरांनी सांगितलंय."

"या वयात कसली थेरं!" असं म्हणत तिने हात धुतले, पट्टी त्याच्या कमरेभोवती फिरवली. गाठ मारताना खालमानेनेच म्हणाली, "त्या दिवसासाठी चाललंय ना हे?"

नागसेनने पट्टीचं टोक धरून दिलं.

"मागं बसलेल्याच्या मांडीवर कोयता होता. दिसला नाही तुम्हाला?"

"नाही."

"मला दिसला. तुम्ही हात पुढं करून थांबलात, तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं. हा माणूस आता हलायचा नाही, वाचला."

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? सांगितलं असतं तर झोप लागली असती का तुम्हाला?"

"मग माझ्याबरोबर बाहेर का येत नाहीस?"

"मला भीती वाटते म्हणून." तिने गाठ ओढून बघितली. "त्यात तुमचं काय? घट्ट झालं का?"

तो नाही म्हणाला की हो, त्याचं त्यालाच कळलं नाही. तिने परातीत पीठ घेतलं. खाली बघतच विचारलं, "बायका असतात का तिथं?"

"दोघी-तिघी आहेत."

ती पीठ मळू लागली. तो उजव्या हाताने भिंतीसमोर हवेत ठोसे मारत राहिला. बांधलेला डावा हात पट्टीच्या आत दर वेळी धडपडायचा, बांधलेल्या वासरासारखा.

पण शरीर कुठेतरी ऐकतंच. काही आठवड्यांनी डावा हात जरा मागे राहू लागला. नागसेन मनातून सुखावला, आणि त्याच आठवड्यात प्रेस अडू लागली. पत्रा ठेवला, हात मारले, मशिन ढिम्म. पुन्हा मारले, पुन्हा ढिम्म. डावा हात क्षणभर उशिरा पोचत होता. शेजारच्या मशिनवरचा सनी ओरडला, "काका, ब्लॅक बेल्टचा ताण आलाय का हातावर? प्रेसला नमस्कार घाला, चालेल!" सगळे हसले. नागसेनही हसला.

सुपरवायझर हसला नाही. त्याने थोडा वेळ मागे उभं राहून बघितलं. "नागसेनभाऊ, आजपासून पॅकिंगला बसा. हात बरे झाले की बघू."

"हात बरेच आहेत, साहेब."

"दिसतंय ना राव मला."

पॅकिंगला नवी पोरं असायची नाहीतर निवृत्तीला टेकलेली म्हातारी. नागसेनने स्टूल ओढलं आणि खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागला. प्रेसच्या कामात कितीतरी जणांची बोटं गेली, त्याची दहाही शाबूत होती. इतक्या वर्षांत मिरवावं असं तेवढंच काय ते त्याच्याजवळ होतं. समोर त्याच्या प्रेसवर नवा माणूस उभा होता आणि मशिन त्याचं निमूट ऐकत होती.

घरी आला आणि बूट न काढताच तो दारात बसला. आजपासून वर्ग बंद, असं सांगायचं ठरवूनच आला होता. या वयात माणसाने एकच काहीतरी शिकावं. ते शिकून झालं होतं.

मिनल आतून आली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, हातात पाण्याची बाटली.

"बसलात काय? सरांना मी फोन केलाय. मलाही घेतो म्हणाले, साडेसहाला."

"मिनल, मला आज प्रेसवरून काढलं. पॅकिंगला बसवलं."

ती थांबली. त्याच्या हातांकडे बघितलं. मग बाटली त्याच्या मांडीवर ठेवून कुलूप शोधायला लागली. "वाटेत सांगा सगळं," ती म्हणाली. "मी एकटी काय जात नाही."

वर्गात सरांनी तिला मुठीपासून सुरुवात करून दिली. तिचा उजवा पुढे गेला, डावा कमरेवर तसाच राहिला. मग डावा गेला, उजवा राहिला. सर म्हणाले, "काकू, आधी शिकलाय काय कुठं?"

"छे हो! एका हातानं लाटते, दुसऱ्यानं तव्यावरची उलटते. एवढंच."

मागच्या रांगेतून नागसेन तिच्या पाठीकडे बघत राहिला. सरांनी दोनदा हाक मारली तेव्हा त्याने मूठ उचलली.

परतताना अंधारून आलं होतं. रस्त्याच्या कडेला खडी पडलेली, फुटपाथ नावालाच. तो सुपरवायझरचं बोलणं सांगत होता, ती हुं हुं करत होती. मागून गाडीचा आवाज आला. दोघेही बोलायचे थांबले. मिनलचा हात मोकळ्या गळ्याकडे गेला. प्रकाश जवळ आला, रुंद झाला, आणि पाठीवर डब्यांची मोठी बॅग अडकवलेला एक पोरगा हॉर्न वाजवत निघून गेला.

धूळ बसली तेव्हा नागसेन रस्त्याच्या बाजूला उभा होता आणि मिनल कडेच्या कंपाउंडच्या भिंतीकडे. येताना तसे नव्हते ते. तो पुढे आला होता की ती मागे सरली होती, कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

"मग? पुढं काय म्हणाला तो?" मिनलने विचारलं.

"कोण?"

"तुमचा सुपरवायझर."

नागसेन सांगू लागला. घर येईपर्यंत तो त्याच बाजूने चालला.