वाहेदभाऊचा खांदा

अकोटहून अकोल्याले येतानी मी एसटीत नवऱ्याले, खुशालरावले, एकच गोष्ट घोकवली होती. "आज माईकवर वाहेदभाऊचं नाव घ्या. लोक मांडववाल्याचेही आभार मानतात. त्यानं तं तुमचा जीव वाचवला."

यायनं मान हलवली.

एकाहत्तरच्या लढाईत हे टँकवर दफेदार होते अन् वाहेदभाऊ टँक चालवे. गोळा लागला, वायरलेस गेला, समोर नुसता धूर. मंग हे मांगून पायानं त्याचा खांदा दाबत. डावा दाबला का डावीकडं, उजवा दाबला का उजवीकडं. तशातच त्यायनं शत्रूचे दोन टँक फोडले, अन् हात भाजला असूनही वाहेदभाऊनं सगळ्यायले जित्तं मांगं आनलं. पदक यायलेच भेटलं. तवापासून भेट झाली का वाहेदभाऊ हासत पाठ करते अन् हे त्याचा खांदा दाबते. तोच त्यायचा रामराम, तोच सलाम.

यायच्या सत्काराले वाहेदभाऊ पातूरहून आले होते, संगं कॉलेजात जानारी नात माहेनूर. तोफेच्या आवाजानं वाहेदभाऊचे कान कवाचेच गेले. सूत्रसंचालक म्हने, "एकट्यानं दोन टँक उडवले!" मंग हे उठले, शाल सावरली, अन् सुरू झाले. मी पाह्यलं, मी ठरवलं, मी फोडले. वाहेदभाऊचं नाव काही निंघालं नाही. माही तं मानच वर होईना. अन् सगळ्यात जोरानं टाळ्या वाहेदभाऊच वाजवून राहिले होते.

खाली उतरल्यावर मी धरलंच. "काहून? जिभेले का झालं होतं?"

"सारे एकटा, एकटा म्हनून राहिले होते," हे पुटपुटले. "चारचौघात खोडून काढाची लाज वाटली."

"अन् आता नाही वाटत?"

यायनं खांद्यावरची शाल काढून घडी घातली.

तेवढ्यात वाहेदभाऊ आले. नातीले म्हनाले, "साहेबानं माह्यं नाव घेतलं ना?"

माहेनूरनं आमच्याकडं पाह्यलं. सगळं आइकलं होतं तिनं. मंग तिनं मान हलवली अन् आजोबाले दोन बोटं दाखवली. दोनदा घेतलं.

"म्या घरी सांगतलंच होतं," वाहेदभाऊ म्हनाले, अन् हासत यायच्याकडं पाठ करून उभे राहिले.

यायचा हात काही उचलेना. वाहेदभाऊ तसेच उभे होते, खांदा जरासा मांगं करून.