सात नंबरची किल्ली

संस्थेच्या कचेरीत सकाळी आठ ते नऊ एकच काम चालायचं: फोन मोजायचे. उचलायचे नाहीत, नुसते मोजायचे. गावात एकटी राहणारी बारा म्हातारी माणसं रोज या वेळात एकेक मिस्ड कॉल द्यायची. त्याचा अर्थ एवढाच, की उठलोय, ठीक आहे, काळजी नको. नंबर दिसला की मोठ्या बाई वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण करायच्या. नऊपर्यंत ज्याचा फोन आला नाही त्याला इकडून फोन करायचा. दोनदा करूनही उचलला नाही, तर भिंतीवरच्या फळीवरून त्याच्या घराची किल्ली घ्यायची आणि तडक निघायचं.

बारा माणसं, बारा खिळे, बारा किल्ल्या. ही सगळी व्यवस्था मोठ्या बाईंनीच बसवली होती. पस्तीस वर्षं शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना घरी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. संस्थेला कुणी कपडे देई, कुणी भांडी देई, एक ड्रायव्हर दर मंगळवारी आपली गाडी देई. बाईंनी आपल्या सकाळी दिल्या आणि सोबत नियमही दिले. नियम देताना त्यांचा हात फार सढळ होता.

त्या मंगळवारी नऊ वाजले तेव्हा वहीत अकरा खुणा होत्या. राहिले होते शिंपीआजोबा.

ब्याऐंशी वर्षांचे शिंपीआजोबा दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. संस्थेकडून ते जेवढं घेत त्याच्या दुप्पट देत. लोकांनी दिलेल्या कपड्यांची बटणं लावणं, उसवलेल्या शिवणी घालणं, हे सगळं ते घरबसल्या फुकट करून द्यायचे. मिस्ड कॉल द्यायला मात्र महिन्यातून एकदा विसरायचे. मागच्या खेपेला बाई धापा टाकत पोचल्या, तर आजोबा रेडिओ लावून मशीन चालवत बसलेले. "बाई, एवढ्या घाईत? शाळा भरली की काय?" असं वर विचारलं होतं.

बाईंनी फोन लावला. बराच वेळ वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"जाऊन बघते आणि चांगली खरडपट्टी काढते," असं पुटपुटत त्या फळीपाशी गेल्या आणि थबकल्या. सात नंबरचा खिळा रिकामा होता.

किल्ली कुठे आहे हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. काल संध्याकाळी शिवून झालेले कपडे आणायला त्या आजोबांकडे गेल्या होत्या. आजोबांचे गुडघे धरलेले, उगीच उठायला लागू नये म्हणून किल्ली घेऊन गेल्या. निघेपर्यंत कचेरी बंद झाली होती. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हणून किल्ली कोटाच्या खिशात टाकून घरी गेल्या. आणि आज सकाळी ऊन होतं, म्हणून कोट न घालताच आल्या.

त्यांनी सुनेला फोन लावला.

"कोट? तो दिला ना आई, सकाळी संस्थेची गाडी आली तेव्हा," सून उत्साहाने म्हणाली. "महिनाभर म्हणत होतात, हा आता देऊन टाकायचाय. म्हटलं, मीच मार्गी लावते."

पुढचं ऐकून न घेता बाईंनी फोन ठेवला. सुनेला बोलायची सोय नव्हती. खरंच महिनाभर म्हणत होत्या.

आता खरं तर काम सोपं होतं. पलीकडच्या खोलीत संस्थेतल्या सिस्टर, एक निवृत्त नर्स, बसल्या होत्या. तिथे जाऊन सांगायचं की किल्ली माझ्याकडून गेली, दार तोडायला माणूस बोलवा. पण पंधराच दिवसांपूर्वी याच सिस्टरांकडून चार नंबरची किल्ली चुकून घरी गेली होती. तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना उभं करून विचारलं होतं, "हा माणसाच्या जिवाचा खेळ वाटला का तुम्हाला?" चाळीस वर्षं इस्पितळात काढलेली ती बाई खाली मान घालून माफी मागून गेली होती. तिच्याच पुढे आता मान खाली घालायची?

गाडीतल्या पिशव्या मागच्या खोलीत उतरवलेल्या असणार. पाच मिनिटांत कोट सापडेल. कुणाला कळायचंही नाही.

वीसेक पिशव्या होत्या. बाईंनी एकेक सोडून उपसायला सुरुवात केली. स्वेटर, चादरी, कुणाचा तरी लग्नातला सूट. पाचाची पंधरा मिनिटं झाली. आजोबा रेडिओच ऐकत असतील, त्या स्वतःला सांगत होत्या. मागे नाही का असंच झालं? पण आज तसं नसलं तर, हेही मनातून जात नव्हतं. हात मात्र कपडे उपसतच होते.

"काय शोधताय बाई?"

दारात सिस्टर उभ्या होत्या.

"माझा चष्मा," बाई म्हणाल्या.

"तो नाकावर आहे तुमच्या." सिस्टर हसल्या. मग सहज विचारलं, "आले ना सगळ्यांचे फोन?"

"आले," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि सिस्टरही गेल्या. पस्तीस वर्षांत खोटं बोलणारी हजारो पोरं बाईंनी चेहरा बघून पकडली होती. आता आपला चेहरा कसा दिसत असेल, या विचाराने त्यांना स्वतःची किळस आली. तरीही त्यांनी आणखी चार पिशव्या सोडल्या. शेवटची रिकामी झाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते. कोट नव्हता.

मग मात्र त्यांचा धीर सुटला. त्या जवळजवळ धावतच बाहेरच्या खोलीत आल्या.

"सिस्टर, शिंपीआजोबांचा फोन आलेला नाही. मी खोटं बोलले. किल्ली माझ्या कोटात होती, आणि कोट गाडीत गेला."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पिशवी कुठली होती? चांगल्या कपड्यांची की दुरुस्तीची?"

हाही बाईंचाच नियम. प्रत्येक घरानं दोन पिशव्या करायच्या. धड कपडे कचेरीत यायचे आणि दुरुस्तीचे ड्रायव्हरनं परस्पर शिंपीआजोबांकडे टाकायचे. बाईंच्या कोटाचं वरचं बटण दोन महिन्यांपासून लोंबत होतं. पण मोठ्या बाईंचा कोट दुरुस्तीच्या पिशवीत जाईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सिस्टरांनी ड्रायव्हरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तुमच्या सूनबाईंनी दिलेली पिशवी ना? ती आजोबांच्या दारातच ठेवली, पावणेनऊला," ड्रायव्हर म्हणाला. "दार वाजवलं, पण उघडलं नाही. म्हटलं, झोपले असतील म्हातारबाबा, कशाला उठवा."

दोघी निघाल्या. अडुसष्टाव्या वर्षी बाई भर रस्त्यातून पळत होत्या. पुढे पळणाऱ्या सिस्टर इस्पितळाला फोन करून गाडी मागवत होत्या. दोन गल्ल्यांचं अंतर ते काय! नऊ वाजून दहा मिनिटांनी निघाल्या असत्या, तर सव्वानऊला पोचल्या असत्या. बाईंच्या डोक्यात हा एकच हिशेब घुमत होता.

पिशवी दाराला टेकून उभी होती. सगळ्यात वर कोट, त्याच्या उजव्या खिशात किल्ली. तासभर ती कुलपापासून हातभर अंतरावर पडून होती.

आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवे पडले होते. एक पाय विचित्र वळला होता. फोन समोरच शिवणयंत्रावर होता, पण त्यांच्या हाताला येण्यासारखा नव्हता. सिस्टर खाली बसल्या, नाडी पाहिली, पायाला हात न लावता अंगावर चादर घातली. "शुद्धीवर आहेत. खुबा गेलेला दिसतोय. हलू नका आजोबा, गाडी येतेय."

बाईंनी गुडघे टेकून त्यांचा हात धरला. तो गारठला होता.

"आलात," आजोबा म्हणाले. ओठ सुकले होते, आवाज जेमतेम येत होता. "फोन वाजत होता ना, तोवर बरं वाटत होतं. म्हटलं, बाई आहेत तिकडे. मग थांबला. म्हटलं, आता निघाल्या. दहा मिनिटांत येतील."

बाईंनी दुसऱ्या हाताने चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली.

आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे कष्टाने डोळे वळवले. "बघत होतो सारखा. मग वाटलं, हे घड्याळच पुढे गेलंय. बाई काही उशीर करायच्या नाहीत. जरा मागे करून ठेवाल का ते?"

सिस्टर चटकन म्हणाल्या, "हो आजोबा, करते हं." त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बाईंनी मान डोलावली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"नको, सिस्टर," बाई म्हणाल्या. आजोबांचा हात त्यांनी सोडला नाही. "घड्याळ बरोबर आहे, आजोबा. उशीर मी केला."